सुभद्राबाईच्या हातचा विस्तव

दुर्गाबाई कुणाच्या घरी गेल्या की सोप्यात अंथरलेल्या घोंगडीवर कधी बसल्या नाहीत. घरधन्याने "बसा की बाई हितं" म्हणेपर्यंत त्या पदर सावरून थेट चुलीपाशी पोचलेल्या असत. घोंगडी साहेबलोकांना, चूल आपल्याला, हा त्यांचा शिरस्ता. घोंगडीवर माणसं चारचौघांत शोभेल तेवढंच सांगतात. भाकरी थापणाऱ्या बाईला मात्र हात आणि तोंड एकदम सांभाळावं लागतं, आणि हाताकडे लक्ष असलं की खोटं बोलायचं राहून जातं, असं त्यांचं मत होतं. मत त्या सहसा बदलत नसत.

त्या मूळच्या तळेगाव दाभाड्याच्या. लग्नानंतर लवकरच नवरा गेला. दिराच्या घरी उष्टी काढत बसण्यापेक्षा शिकलेलं बरं म्हणून हट्टाने सातवी झाल्या, आणि सरकारची विकास योजना खेड्यांत आली तेव्हा ग्रामसेविका होऊन तळवड्यात दाखल झाल्या. ही छप्पन-सत्तावन सालची गोष्ट. पिंपरीला औषधांचा मोठा कारखाना उभा राहिला होता, देहूरोडच्या डेपोत माणसं कामाला जात होती. तळवडं मात्र अजून बाजरी, बैल आणि भावकीची भांडणं यांतच रमलेलं होतं. एकटी बाई, पायात चपला, हातात छत्री बघून गावाने आधी मनसोक्त हसून घेतलं. सरपंच यशवंतरावांनी राहायला एक खोली दिली आणि तिच्याबरोबर रोजचा एक उपदेशही फुकट दिला. दुर्गाबाईंनी खोली घेतली, उपदेश सोडून दिला.

एका गोष्टीचा मात्र त्यांना संताप येई. एकाच घरात सरकारची चार माणसं जात, आणि चौघं चार गोष्टी बघून परत येत. मलेरियाची फवारणी करणारा भिंत बघायचा, देवीची लस टोचणारा दंड बघायचा, ग्रामसेवक बांध बघायचा. त्या भिंतींच्या आत राहणारं, त्या दंडाचं आणि त्या बांधाचं माणूस एकच आहे, हे कुणाच्या गावीही नसे. अर्थात दुर्गाबाई तरी काय वेगळ्या होत्या? त्या शिवणवर्गाला कोण येतं आणि कोण येत नाही ते बघत. हे त्यांच्या ध्यानात आलं ते चिंचवडच्या एका बैठकीत.

महिन्याची बैठक म्हणजे चहा, कुरकूर आणि थोडं काम. त्या दिवशी फवारणीवाला तक्रार करत होता, की तळवड्यात एका घरात चुलीच्या खोलीत पाऊल टाकू देत नाहीत, आत म्हणे देवीचा विस्तव आहे. ग्रामसेवक म्हणाला, तळवड्यात भैरू म्हणून एक जण आहे, बियाणं दारात नेऊन दिलं तरी रान पडीकच. लस टोचणारा मात्र कौतुकाने सांगू लागला, "बाई असावी तर तळवड्याच्या सुभद्राबाईसारखी! दंड पुढे केला, सुया टोचल्या, रक्त आलं. पण पठ्ठीची पापणी हलली नाही. दुसरीकडे बघून शेजारणीशी गप्पा मारत होती."

सगळे हसले. दुर्गाबाईही हसल्या, आणि हसता हसता थांबल्या. चुलीत देवीचा विस्तव असलेलं घर सुभद्राबाईचं. भैरू तिचा नवरा. आणि त्यांची लेक इंद्रायणी, शिवणात सगळ्यांत सफाईदार हात असलेली, दिवाळीपासून वर्गाला फिरकली नव्हती. चौघांच्या डोळ्यांपुढे चार वेगळी माणसं होती, आणि घर एकच होतं.

पण त्या घराला मदतीची गरज आहे असं तळवड्यात कुणी म्हटलं असतं तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं. गावात सुभद्राबाईइतका मान कुणालाच नव्हता.

तो मान असा आला होता. त्या काळी काडेपेटी जपून वापरायची चीज होती. सकाळी आपली चूल विझलेली असली की बाया शेजारच्या घरी गोवरीचा तुकडा घेऊन जायच्या, शेजारीण सांडशीने एक निखारा त्यावर ठेवायची, आणि फुंकर घालत घालत तो घरी आणायचा. दोनेक वर्षांपूर्वी शेजारची छबूबाई अशीच विस्तव मागायला गेली. सांडशी हाताशी नव्हती. सुभद्राबाईचं लक्ष दुधाकडे. तिने चुलीत हात घातला, लालबुंद निखारा चिमटीत उचलला आणि छबूबाईच्या गोवरीवर ठेवला, लिंबू द्यावं तसा. छबूबाईचा आ वासलेला मिटेना. योगायोग असा, की त्या दिवशी तिची अडलेली म्हैस सुखरूप व्याली. झालं! दुसऱ्या दिवशी छबूबाई आणखी दोघींना घेऊन आली. गावात बोभाटा झाला, की सुभद्राच्या हातात देवी आली आहे, तिच्या हाताला विस्तव भाजत नाही. मग लेकीची पाठवणी असो, नवी चूल मांडायची असो, पोर तापलेलं असो, विस्तव सुभद्राबाईच्या हातचा पाहिजे. कुणी रिकाम्या हाताने जाईना. येताना ओंजळभर बाजरी, पसाभर तांदूळ आणायचा. चैत्रात गावदेवीच्या जत्रेला नैवेद्याची पहिली चूल पेटायची तीही तिच्याच हातच्या निखाऱ्याने.

दुर्गाबाईंनी हे सगळं आल्या आल्याच ऐकलं होतं आणि गावठी खुळ म्हणून कानाआड केलं होतं. आता त्या चिंचवडहून पायी परतताना त्याच गोष्टीचा विचार करत होत्या, आणि वाट सरता सरत नव्हती. सुई टोचली तरी न कळणारा दंड आणि निखारा न भाजणारी बोटं. शिक्षणाच्या वेळी एका डॉक्टरांनी फळ्यावर लिहून दिलेलं त्यांना आठवलं: कातडीला जिथे समजेनासं होतं, तिथे आधी महारोगाचा संशय घ्यावा.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या सुभद्राबाईच्या चुलीपाशी जाऊन बसल्या. सुभद्राबाई चाळिशीची, उंचपुरी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. भैरू बाहेर ओट्यावर पाय पसरून बसलेला. पिंपरीला कारखान्याच्या बांधकामावर दगड उतरवताना पाय सापडला होता, तेव्हापासून तो पाय आणि त्याचं बोलणं दोन्ही वाकडंच. सुभद्राबाईने चहाला आधण ठेवलं आणि बोलता बोलता निसटलेला निखारा बोटांनी आत सारला. उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं काळवंडलेली होती. एका पेरावर फोड फुटून ओलं झालेलं होतं आणि त्यावर राख चिकटली होती.

दुर्गाबाईंनी तिथेच घोळ केला. चुलीपाशी बसून गुमान ऐकण्याचा आपलाच शिरस्ता विसरून त्यांनी एकदम तिचा हात धरला. "सुभद्राबाई, हे दुखत नाही तुम्हाला? बघू, डोळे मिटा जरा."

सुभद्राबाईने हात हिसकावून घेतला. "का म्हून मिटायचं? माज्या हातात काय हाय ते समद्या गावाला ठावं हाय. तुमी चा प्या अन् जावा."

दुर्गाबाई चहा न पिताच उठल्या. आपण पोलिसासारखं वागलो, असं त्यांना दिवसभर वाटत राहिलं. चूक कळली तरी ती निस्तरायची कशी, हे काही सुचेना. पुन्हा गेलं तर ती दारातूनच परत पाठवणार, आणि यशवंतरावांच्या कानावर घातलं तर संध्याकाळपर्यंत पार चावडीपर्यंत जाणार.

वाट उघडली ती इंद्रायणीने. एका दुपारी, गाव जेवून लवंडलेलं असताना, ती दुर्गाबाईंच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. सतरा वर्षांची पोर, चाकणच्या एका घरात सोयरीक ठरलेली, वैशाखात लग्न. पदराच्या टोकाशी चाळा करत ती म्हणाली, "बाई, फोडावर लावायचं मलम हाय का तुमच्याकडं? आईच्या बोटाला वास येतोय. भाकरी म्याच थापते. लोकास्नी म्हायती न्हाई."

"म्हणून वर्गाला येत नाहीस होय?"

पोरीने मान हलवली आणि रडू लागली. आईने कुणाला सांगू नको म्हणून शपथ घातली होती. चाकणची माणसं देवीच्या घरची लेक म्हणून हिला मागायला आली होती. त्यांना काही कळलं तर सोयरीक मोडणार, आणि मोडल्याचं कारण गावोगाव होणार. दुर्गाबाईंनी तिला जवळ बसवून घेतलं. पोरीच्या मानेवर, हातांवर कुठे चट्टा नाही ना, हे मायेने हात फिरवता फिरवता त्या बघत होत्या. नव्हता. त्यांना हायसं वाटलं आणि त्या हायसं वाटण्याची थोडी लाजही वाटली.

त्या पुन्हा गेल्या तेव्हा मलम घेऊन गेल्या आणि तोंड बंद ठेवून गेल्या. सुभद्राबाई एकटीच होती. दुर्गाबाईंनी तिच्या बोटावरची राख कोमट पाण्याने धुतली, मलम लावलं, चिंधी बांधली. बांधताना आपल्या दुसऱ्या हाताने त्यांनी सुभद्राबाईची करंगळी घट्ट दाबून धरली होती. सुभद्राबाई छताकडे बघत होती. बऱ्याच वेळाने तिची नजर खाली आली आणि दाबून पांढऱ्या पडलेल्या करंगळीवर थांबली.

"कवापासनं धरलीय?" तिने विचारलं.

"मघापासून."

सुभद्राबाईने स्वतःच डाव्या हाताने करंगळी चिमटली, मग मनगट, मग दंड. आणि दंडावरचा एक फिकट चट्टा तिने कधी नव्हे तो नीट न्याहाळला. तिच्या चेहऱ्यावरून एवढा मोठा मान असा उतरत जाताना बघणं दुर्गाबाईंना जड गेलं. त्यांना वाटलं, आपण औषध द्यायला आलो आणि या बाईच्या घरातली देवी उचलून न्यायला बसलो आहोत.

"म्हंजी देवी न्हाईच," सुभद्राबाई म्हणाली. "रगतपिती."

"सुरुवात आहे. आता गोळ्या निघाल्या आहेत. आणि हा असला चट्ट्याचा प्रकार सहसा दुसऱ्याला लागत नाही, असं डॉक्टर सांगतात. पण हाताला कळत नाही म्हणून तो जळत राहील आणि बोटं झडतील. विस्तवाला हात लावणं बंद करायला पाहिजे."

"बंद?" सुभद्राबाई एकदम उसळली. "अन् खायचं काय? धनी बसून, रान पडीक. हितं सकाळी जी ओंजळभर बाजरी येती तिच्यावर चूल पेटतीया, बाई. गोळ्या खाऊन प्वाट भरंल व्हय? अन् माज्या लेकीला कोण पदरात घील?"

रोगाने घर पोसलं होतं, आणि रोग काढायचा तर घराची भाकर आणि पोरीचं लग्न दोन्ही त्याच्याबरोबर जात होतं. दुर्गाबाईंनी एवढंच कबूल केलं, की गावात कुणापुढे रोगाचं नाव काढणार नाही. सुभद्राबाईने कबूल केलं, की तेवढं असेल तर डॉक्टरकडे येईन.

आता तळवड्यातून तिला तळेगावच्या दवाखान्यात न्यायचं कसं? देवीच्या हाताची बाई दवाखान्यात कशाला, म्हणून दहा जणी विचारणार. दुर्गाबाईंनी मग अशी थाप मारली, की एरवी दुसऱ्या कुणी मारली असती तर तिला अडाणी म्हणून त्यांनीच झापलं असतं. तळेगावात आपल्या म्हाताऱ्या आईचे गुडघे धरले आहेत, सुभद्राबाईच्या हाताचा गुण येईल का बघायचं आहे, असं त्यांनी गावात पसरवलं. गाव बेहद्द खूश झालं. शिकलेली बाई अखेर वळणावर आली म्हणून यशवंतरावांनी देहूरोड स्टेशनपर्यंत स्वतःची बैलगाडी दिली. आगगाडीत बसल्यावर सुभद्राबाई पहिल्यांदा हसली आणि म्हणाली, "तुमी तर माज्यापरीस खोटारड्या निघाल्या, बाई."

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी निदान पक्कं केलं, गोळ्या दिल्या, घरातल्या माणसांनाही दाखवून न्यायला सांगितलं, आणि हात जपण्याबद्दल दुर्गाबाईंनी जे सांगितलं होतं तेच दुप्पट कडक शब्दांत सांगितलं.

मग दुर्गाबाई दुसऱ्या कामाला लागल्या. कुणालाच सगळं सांगायचं नाही आणि प्रत्येकाकडून थोडं थोडं काढून घ्यायचं, असं ते काम होतं. ग्रामसेवकाच्या त्या मागे लागल्या, की रोपवाटिकेला बसून राखणारा माणूस लागतो ना, मग भैरूला घ्या. बसण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. ग्रामसेवक हसला आणि कबूल झाला. पडीक रान छबूबाईच्या घरच्यांनी अर्धलीने करायचं ठरवलं. फवारणीवाल्याला त्यांनी दटावलं, की त्या घरात यंदा मी सांगेन तेव्हाच जायचं. इंद्रायणीला शिवणयंत्र घरी नेऊन दिलं; गावातल्या चोळ्या तिच्याकडे येऊ लागल्या. यातलं एकही काम मोठं नव्हतं, आणि एकानेही घर पुरतं सावरलं नसतं.

भैरूशी बोलायला त्यांना भीती वाटत होती. रोपवाटिकेच्या कुंपणाशी त्या जाऊन उभ्या राहिल्या, आणि त्या तोंड उघडायच्या आतच तो म्हणाला, "बाई, मला ठावं व्हतं." तंबाखू मळणारा त्याचा अंगठा थांबला. "देवीचं न्हाई म्हनत म्या. पर तिच्या बोटाचा वास मला पयल्यांदा आला. गप बसलो. सकाळच्याला बाया बाजरी आनत्यात, ती भाकर मीबी खातोय न्हवं?" त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. दुर्गाबाई भांडायच्या तयारीने आल्या होत्या. त्या छत्री सावरून परत फिरल्या. गरीब माणसाला आपल्याच बायकोचं दुखणं न दिसल्यासारखं करावं लागतं, याचा राग कुणावर काढावा ते त्यांना कळेना.

घरी येणाऱ्या बायांना इंद्रायणी सांडशीने विस्तव देऊ लागली. आई पूजेत आहे, आई रानात आहे, असं सांगू लागली. ते काही दिवस खपलं. पण चैत्र उजाडला, आणि यशवंतराव फेटा बांधून रिवाजाप्रमाणे निमंत्रण द्यायला आले. "वैनी, औंदा चाकणची पावनीबी येनार हायती जत्रंला. तुमचा हात बघायचाय त्यास्नी."

ते गेल्यावर तिघी चुलीपाशी बसल्या: सुभद्राबाई, इंद्रायणी आणि दुर्गाबाई. हात अजून भरून आला नव्हता. पुन्हा निखारा उचलला तर बोट जाणार, आणि नाही उचलला तर का नाही, हे व्याह्यांसमोरच विचारलं जाणार. दुर्गाबाईंनी सुचवलं, की अडचण आली म्हणून बाजूला बसा, मग देवळाकडे जायचा प्रश्नच नाही.

"औंदा बाजूला बसंन. फुडल्या सालाला?" सुभद्राबाई म्हणाली. "दर सालाला तेच करू? अन् तवर बाया दारात येतच ऱ्हातील." मग चुलीतल्या जाळाकडे बघत ती सावकाश म्हणाली, "देवी आली तशी जाऊबी शकती की. मला चटका बसला तर?"

दुर्गाबाईंना क्षणभर उमगलं नाही.

"समद्यांम्होरं. निखाऱ्याजवळ हात न्यायचा अन् वरडायचं. भाजलं म्हनायचं. देवीनं आपलं परत नेलं, मी आता तुमच्यासारखीच. देवीनं नेलं त्याला कोन बोल लावनार?" तिने दुर्गाबाईंकडे बघितलं, आणि तिचा आवाज खाली आला. "पर एक हाय, बाई. चटका बसल्यावं मानूस करतं कसं? आधी वरडतं का आधी हात काढतं? मला आठवत न्हाई."

इंद्रायणीने तोंडाला पदर लावला. दुर्गाबाईंनी तव्याकडे बघितलं. खोटं करून दाखवता येईना. त्यांनी आपलं बोट तापलेल्या तव्याच्या कडेला लावलं. हात आपोआप झटक्याने मागे आला, तोंडातून "स्स्स, आई गं" निघालं, बोट तोंडात गेलं आणि डोळ्यांत पाणी आलं. सुभद्राबाई शाळेतल्या पोरीसारखी टक लावून बघत होती. "म्हंजी आधी हात," ती म्हणाली, आणि स्वतःचा हात मागे झटकून बघू लागली. दोनदा जमलं नाही, फार सावकाश झालं. तिसऱ्यांदा इंद्रायणी म्हणाली, "आता बरूबर, आई."

जत्रेच्या दिवशी देवळापुढे माणूस मावत नव्हतं. हलगी वाजत होती, गुलालाने रस्ता लाल झाला होता, आणि मधोमध नैवेद्याची मोठी चूल मांडलेली. चाकणचे पाहुणे पुढे घोंगडीवर बसले होते. दुर्गाबाई बायकांच्या घोळक्यात उभ्या होत्या. खोटं उघडं पडलं तर पोरीचं लग्न गेलं, त्या घराचं पाणी तुटलं, आणि ते आपण सुचवलेल्या गोळ्यांपायी, हे त्यांना दिसत होतं. आणि खोटं खपलं तरी, चाकणच्या माणसांपासून आपण काहीतरी दडवतो आहोत, ही बोच होतीच. डॉक्टरांनी इंद्रायणीला तपासून निर्धोक सांगितलं होतं. तरी बोच होती.

सुभद्राबाई हिरवं लुगडं नेसून आली. यशवंतरावांनी निखाऱ्यांचं घमेलं पुढे केलं. हलगी थांबली. तिने पदर खोचला, हात जोडले, आणि उजवा हात निखाऱ्यांकडे नेला. तो तिथे पोचला आणि थांबला. कळतच नव्हतं तिला. डोळ्यांनी अंदाज घ्यावा लागत होता. मग हात झटक्यासरशी मागे आला आणि सुभद्राबाई ओरडली. "आई गं! भाजलं! भाजलं गं बायांनो!"

आधी पुढच्या बाया दचकून मागे सरकल्या. नंतर एकच गलका. कुणी म्हणे देवी कोपली, कुणी म्हणे काहीतरी बाट झाला. यशवंतराव हातातलं घमेलं घेऊन तसेच उभे. काय करायचं ते त्यांना कुणी आधी सांगितलेलं नव्हतं. सुभद्राबाई हात छातीशी धरून सांगत होती, "देवीनं दिलं व्हतं, देवीनं नेलं. आता मी तुमच्यावानीच." चाकणच्या पाहुण्यांमधली एक म्हातारी मान हलवत म्हणाली, की व्हय, आमच्याबी गावात आसं झालं व्हतं एकीचं. दुर्गाबाईंनी तिला मनातल्या मनात दंडवत घातला.

तेवढ्यात घोळक्यातून छबूबाई धावत पुढे आली. दोन वर्षं ती या हातापुढे वाकत होती, त्याला शिवायची तिची कधी टाप नव्हती. आज तिने तो हात सरळ ओढून आपल्या हातात घेतला. "अगं बया, केवढं भाजलंय!" ती ओरडली, आणि जुन्या फोडांकडे बघून हळूच "किती दिस झालं गं हे?" असं विचारत ती त्यावर फुंकर घालू लागली, लेकराच्या हातावर घालतात तशी, गाल फुगवून, पुन्हा पुन्हा. कुणी तरी लोण्याचा गोळा आणला, कुणी ओला फडका. आणि सुभद्राबाई, जिने आरडाओरडा इतका घोकून पाठ केला होता, ती रडायला लागली. हे रडणं ठरलेलं नव्हतं. दुर्गाबाईंनी तोंड फिरवलं.

सकाळची बाजरी हळूहळू आटली. काही जणी सवयीने आणत राहिल्या, बऱ्याच थांबल्या. भैरूचा पगार आणि इंद्रायणीच्या चोळ्या यांवर घर ओढत ओढत चाललं. वैशाखात लग्न झालं. दुर्गाबाई तळेगावहून गोळ्या आणून देत, सुभद्राबाई त्या घेत राहिली. तळेगावच्या म्हातारीच्या गुडघ्यांना मात्र गुण येईना, असं गावाला वाटे, कारण जत्रेआधी एवढ्या वाऱ्या करूनही ती बरी झाल्याचं कुणी ऐकलं नाही. चिंचवडच्या बैठकीत साहेबांनी तळवड्यातली एक अंधश्रद्धा गेल्याबद्दल दुर्गाबाईंचं अभिनंदन केलं. त्या मान खाली घालून चहा पीत राहिल्या. पुढे बदली झाली, दुसरी गावं आली, दुसऱ्या चुली आल्या. पण साहेबांना सांगता येईल असं त्या कामाचं नाव त्यांना कधी सापडलं नाही.

बदलीच्या आधी त्या सुभद्राबाईचा निरोप घ्यायला गेल्या. ओट्यावर छबूबाई तिला शेंगा सोलून देत बसली होती, ती घरात पाणी आणायला उठली तेव्हा दुर्गाबाईंनी हळूच विचारलं, "जत्रेत तुम्ही खरंच रडलात. छबूबाईची फुंकर हाताला कळली होती का?"

"न्हाई वो," सुभद्राबाई म्हणाली. "हाताला कुठलं कळतंय! पर मला दिसत व्हती की ती घालताना."